वाइंडिंगवाले काका आणि मोकळी जागा

जळलेल्या मोटारीला एक वास असतो. गोडसर, घशाशी बसणारा. वाइंडिंगवाल्या काकांच्या दुकानाच्या भिंतींत तो मुरला होता आणि त्यांच्या सदऱ्यांतही. ते रस्त्यानं गेले, की मागून येणाऱ्याला मान वर न करता कळे, पुढे कोण चाललंय ते.

काम त्यांचं एकच. जळलेल्या पंख्याची, पंपाची जुनी तार उपसून काढायची आणि नवी भरायची. मोटारीच्या लोखंडी गाभ्याला कडेनं खाचा असतात. तांब्याच्या तारेचे वेढे त्या खाचांत एकाला एक खेटून असे बसवायचे, की मध्ये सुई शिरू नये. काकांनी भरलेली मोटार उघडली, की दुसरे कारागीर नुसते बघत बसत. खाच अर्धी सोडणाऱ्याला काका कारागीरच म्हणत नसत. "तिला पोटभर घातलं नाही, तर ती राबेल कशी?" असं ते मोटारीबद्दल बोलत, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मग उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग घरच्यांना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात आता पहिल्यासारखा होणार नाही, हे स्वच्छ सांगून टाकलं. समोरच्या सलूनवाल्याचा पंखा काकांनी कसाबसा भरला. शेवटची जोडणी करताना तार पुन्हा पुन्हा निसटायला लागली, तेव्हा त्यांनी पक्कड खाली ठेवली. पंखा तसाच कपाटावर राहिला. त्या दिवशी काकांचं जेवण पानात राहिलं.

सून एका छापखान्यात होती. औषधांच्या खोक्यांवरचे मजकूर, हँडबिलं, वह्यांची वेष्टनं कॉम्प्युटरवर मांडायची. तिनंच सुचवलं, "बाबा, तुमचं शिकवणं मोबाइलवर टाकू या. कोर्स करू. त्याला तार कुठे ओढायची आहे?"

हे काकांना पटलं, आणि जरा जास्तच पटलं. सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर ते डाव्या हातानं स्लाइड करायला शिकले. रोज दुपारी दार लोटून बसत. हात थांबला तरी हातातलं सगळं कुठंतरी उतरवून ठेवता येईल, ही आशा त्यांना लागली होती.

सुनेनं पहिला धडा उघडला. आकाशी रंगावर चार तऱ्हांची अक्षरं होती. एका कोपऱ्यात गुलाब, दुसऱ्यात गरगर फिरणारा पंखा. मधोमध कोट घातलेले काका. उरलेल्या जागेत तारेचे प्रकार, हत्यारं, सूचना, आणि सूचना नीट वाचा अशी एक सूचना. जोडणीची खरी ओळ तळाशी होती, बारीक पांढऱ्या अक्षरांत.

"बाबा, डोळ्याला टेकायला जागा नाही कुठे."

"टेकायचं कशाला? शिकायला आलाय ना तो?"

"एका स्लाइडवर एकच गोष्ट सांगा. महत्त्वाची असेल ती मोठी करा. बाकीचं पुढच्या स्लाइडवर जाऊ द्या."

"म्हणजे निम्मी जागा मोकळी? बघणारा म्हणेल, मास्तरला एवढंच येतं."

"अहो, ती रोज हेच काम करते," काकू आतून म्हणाल्या.

"ती खोकी करते. ही मोटार आहे."

सुनेनं पर्स खांद्याला लावली. "खोकंसुद्धा वाचता आलं नाही, तर माणूस चुकीची गोळी खातो," एवढं म्हणाली आणि कामाला गेली.

काकांनी मग स्वतःच निकालाची रीत ठरवली. सलूनवाल्याला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं धडा बघून स्वतःच्या पंख्याची जोडणी करायची, काकांनी तोंड उघडायचं नाही. जमलं, तर कोर्स लोकांसाठी टाकायचा. फसलं, तर लॅपटॉप सुनेला परत आणि दुकानाला कायमचं कुलूप. काकू म्हणाल्या, "हे काय भलतंच?" पण काका बोलले ते बोलले.

सलूनवाला हसत हसत बसला. मोबाइल बघून टोकं पिळली, सोल्डर केली, पंखा नेऊन टांगला. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि छान फिरला. वारा मात्र खाली येईना.

संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "मित्रा, पंखा छताला वारा घालतोय. गिऱ्हाइकं खाली घामाघूम आणि वरची पाल खूश."

काकांचा चेहरा उतरला. उलट फिरतोय म्हणजे स्टार्टिंग कॉइलचं, पंख्याला पहिली चाल देणाऱ्या वेढ्यांचं, चुकीचं टोक जोडलं. "तिथं लिहिलं होतं की," ते म्हणाले.

"कुठं?"

"काढ मोबाइल. बोट ठेवून दाखव, तू काय काय बघितलंस."

सलूनवाल्यानं बोट ठेवलं. "हा तू. कोट कुणाचा होता रे? मग हा गुलाब. मग हा पंखा, हा सारखा फिरतो, याच्यावरून नजर हटत नाही. मग ही लाल अक्षरं."

"ती पक्कड धरायची सूचना आहे."

"लाल होती, मला वाटलं मुख्य तीच. मग गिऱ्हाईक आलं."

बोट तळापर्यंत पोचलंच नव्हतं. काका त्या बोटाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता, त्यानं आपल्याकडून नीट बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप सुनेपुढे ठेवला. "घे तुझा. माझ्यानं होणार नाही. मोकळी जागा दिसली, की हात आपोआप भरायला जातो."

सून भाजी निवडत होती. "बाबा, खाचेत तार भरायच्या आधी तुम्ही काय घालता?"

"कागद."

"कशाला?"

"तार लोखंडाला चिकटली, तर शॉर्ट होईल."

"कागदातून वीज वाहते?"

"कागदातून कशी वाहील?"

"मग उगाचच जागा अडवतो म्हणायचा."

काकांनी तिच्याकडे बघितलं. ती भाजीच निवडत होती. मग काकांनी लॅपटॉप परत स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "खोकं कसं करतेस, ते दाखव."

गुलाब सहज गेला. फिरणारा पंखा गेला. अक्षरांचं वळण एकच ठेवलं. ओळी डावीकडे एका रेषेत घेतल्या, खाचेत वेढे बसतात तशा. सून म्हणाली, "लाल रंग फक्त जोडायच्या टोकांना द्या. बाकी कुठेही नको." हे काकांना चटकन समजलं, कारण तारांना रंग का देतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. फोटोपाशी मात्र त्यांचं बोट थांबलं. हात थांबल्यावर चेहराही काढून टाकायचा, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

काकूंनी ते ओळखलं. "पहिल्या स्लाइडवर राहू दे तो. एकटाच. शिकवतंय कोण, ते लोकांना कळायला नको का?"

जोडणीच्या स्लाइडवर आता पांढरी जागा होती, करड्या दोन कॉइल, त्यांची दोन लाल टोकं, आणि वर मोठ्या अक्षरांत एक ओळ: लाल टोक लाल टोकाला जोडा. काका ती स्लाइड लांबून बघत, जवळून बघत. मोकळ्या जागेत काहीतरी घालावंसं त्यांना वाटत राहिलं, पण त्यांनी घातलं नाही.

सलूनवाल्यानं पंखा पुन्हा उतरवून आणला. या वेळी तो हसला नाही. एकदा बघितलं, मोबाइल बाजूला ठेवला आणि टोकं सोडवून परत जोडली. वस्तरा धरणारा हात तो, जराही हलला नाही. समोर काकांचा हात मांडीवर थरथरत होता आणि सलूनवाल्याच्या प्रत्येक पिळाबरोबर त्यांची बोटं हवेत वळत होती.

सलूनमध्ये बटण दाबलं. पंखा सावकाश सुटला, वेग घेतला, आणि जमिनीवरचे कापलेले केस भिंतीकडे पळाले.

"झाडायचं काम वाढवून ठेवलंस," सलूनवाला म्हणाला.

काकांनी फोन लावला. "टाक," एवढंच सुनेला म्हणाले. मग पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

"केस काप," ते म्हणाले. "आणि घाई करू नकोस. जरा वारा लागू दे."