मोठ्या बाईंच्या घरी पिठलं-भात

आमची मुलगी शाळेत जात नाही, हे कन्नड मुलखातल्या आमच्या येलहंका उपनगरात पोस्टमनपासून इडलीवाल्या अण्णांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त माझ्या आईला ठाऊक नव्हतं.

कारण आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका! सांगलीकडच्या गावांतून तिने पस्तीस वर्षं पोरांना शाळेत ओढून आणलं. गुरांमागे गेलेली, पेरूच्या झाडावर चढलेली, कुणालाही सोडलं नाही. आणि तिच्या पोटच्या पोराने स्वतःच्या लेकीला शाळेतून काढून घरी बसवलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? (‘बसवलं’ म्हटलेलं माझ्या बायकोला, शलाकाला, चालत नाही. खरंच आहे. नऊ वर्षांची आमची मुक्ता घटकाभर बसेल तर शपथ! सकाळी इडलीचं पीठ मोजायचं, मग तळ्यावर बेडकांची पिल्लं मोजायची, फुलवाल्या अक्कांकडे कन्नड शिकायचं, दुपारी नकाशा पसरून कुठली बस कुठे जाते ते काढायचं. मी घरूनच कंपनीचं काम करतो आणि मधल्या वेळात तिला गणित शिकवतो.)

आमच्या घरात एकच नियम आहे, मुलांना खोटं शिकवायचं नाही. आईने “पंधरा दिवस येतेय” असा फोन केला आणि तो नियम मी दोन मिनिटांत मोडला.

“मुक्ते, आजी आहे तोवर तू शाळेत जातेस. आपलं एक नाटक.”

“म्हणजे खोटं?”

“नाटक गं!”

“पण बाबा, नाटक बघणाऱ्यांना माहीत असतं ना, हे नाटक आहे म्हणून?”

शलाका म्हणाली, “तुझी आई, तुझं नाटक. मी विंगेतसुद्धा उभी राहणार नाही.”

पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, नवं दप्तर. रोज सकाळी आठला आजीला टाटा करून आम्ही स्कूटरवरून निघायचो ते थेट तळ्याकाठच्या बागेत. मी बाकावर लॅपटॉप उघडून मीटिंगला, मुक्ता गणवेशात बेडकांकडे. तिसऱ्या दिवशी वॉचमन समोर येऊन उभा. “सार, मगु स्कूल्गे होगल्वा?” पोरगी शाळेत जात नाही का, म्हणून! वर्षभर हीच पोरगी त्याच्यासमोर चिखलात लोळत होती, तेव्हा शब्द नाही. गणवेश चढवल्याबरोबर त्याला तिच्या शिक्षणाची काळजी! “स्वल्प लेट,” मी म्हटलं. तेव्हापासून तो आम्हाला बघून घड्याळ बघायला लागला.

घरी आई म्हणाली, “मुक्ता, गृहपाठ दाखव बघू.” आता गृहपाठ कुठून आणायचा? दुसऱ्या दिवशी बागेतच मी गणितं घातली, लाल पेनाने तपासली, खाली ‘छान!’ लिहून बाईंची वळणदार सहीही ठोकली. आईने चष्मा लावला. बराच वेळ वही बघितली. “बाई नवीन दिसतात,” एवढंच बोलली आणि आत गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मंगळवारी ती सकाळीच चांगली साडी नेसून तयार. “आज मी येते शाळेत. बाईंना भेटायचंय.”

“बाहेरच्यांना सोडत नाहीत गं.”

“फाटकापाशी उभी राहीन.”

“आज... आज सुट्टी आहे.”

“कसली?”

माणूस अशा वेळी पाण्याची टाकी फुटली म्हणतो, संप आहे म्हणतो. मी म्हटलं, “मोठ्या बाई वारल्या!”

मुक्ताच्या हातातला चमचा खाली पडला.

“अगं बाई! काय वय होतं?”

“चव्वेचाळीस.” (घाईत माझंच सांगितलं.)

आईने पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. अर्ध्या तासाने फोडणीचा वास. बघतो तर मोठ्या डब्यात पिठलं-भात! मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, ओळखीपाळखीच्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आमच्याकडची रीत. “लेकरंबाळं उपाशी असतील. काढ स्कूटर.”

“आई, त्या फार लांब राहतात. आनेकलला!” (सुचलं तेवढं शहराचं दुसरं टोक गाठलं.)

“असू दे. बसने जाऊ. मुक्ता, कुठली बस गं?”

आणि आमची गुणी विद्यार्थिनी सांगायला लागली! “आधी मॅजेस्टिकचा मोठा बसस्टँड. तिथून आनेकलची दुसरी...” आणि एकदम भोकाड पसरलं. “आजी, नको जाऊस! तिथे कुणी नाहीये! मोठ्या बाई म्हणजे बाबाच! माझ्या बाई पण बाबाच!”

आईने डबा खाली ठेवला, तिला पोटाशी घेतलं. “माहितीये मला.”

“कधीपासून?” मी.

“वही बघितली तेव्हापासून. पोरीने सात अठ्ठे छप्पन्न लिहिलेलं, त्यावर लाल फुली आणि शेजारी चौपन्न! अख्ख्या जगात सात अठ्ठे चौपन्न म्हणणारा एकच माणूस मला माहितीये. चौथीत त्याचा कान मीच पिळलाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं बघावं, गाढव कुठवर जातंय. आनेकलपर्यंत गेलास!”

“तुला वाईट वाटेल म्हणून गं...”

“वाटलं ना. शाळेचं नाही. पोरीला माझ्याशी खोटं बोलायला लावलंस. माझ्यासमोर तिचा घास उतरत नव्हता, त्याचं वाटलं.” मग मुक्ताच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, “माझ्या वर्गात बावन्न पोरं होती, त्यातलाच तू एक. तुझ्याजवळ बसायचं राहूनच गेलं रे. तू बसतोयस लेकीजवळ, तर बस की. मी कशाला नको म्हणू?”

माझे डोळे भरून आले. पाया पडायला वाकलो, तर म्हणते, “राहू दे. आधी साताचा पाढा म्हण.”

मी सुरुवात केली. सात अठ्ठेला अडलो, तर मुक्ताने ओठ हलवून ‘छप्पन्न’ पुरवलं, ते आईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

एवढ्यात शलाकाने ताटं मांडली आणि डबा उघडला. लसणाची फोडणी, वर मिरचीचा ठेचा. आईच्या हातचं पिठलं मला वर्षाने मिळत होतं. माझ्याच मयताचं होतं, पण मी तीनदा मागून घेतलं!