ऐनाच्या सालीचा काढा

क्षमा माझ्या स्वभावात नाही आणि तिच्यावाचून माझं कधी अडलंही नाही.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हापासून मी मिरजोळ्याच्या वाटेवरल्या भाताच्या गिरणीत बॉयलर सांभाळत होतो. बंदरावरचे मच्छीमार जाळी टिकावीत म्हणून ऐनाच्या झाडाची साल लोखंडी काहिलीत उकळत आणि जाळी त्यात बुडवत. त्या काहिली बाहेरून गंजून सोलवटलेल्या, आतून मात्र काळ्याकुळकुळीत नि शाबूत. ते पाहून मी बॉयलरच्या पाण्यात दर आठवड्याला कळशीभर काढा ओतू लागलो. आतल्या पत्र्यावर काळा थर धरला. आठ वर्षांत गंजाचा ठिपका दिसला नाही. पुढे हायस्कुलातल्या रसायनाच्या मास्तरांनी सांगितलं, की सालीतल्या त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात आणि ते लोखंडाशी जुळून पाण्याला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही.

मग पुण्याहून नवा मॅनेजर आला. कळशी बघून हमालांसमोर म्हणाला, "हे गटाराचं पाणी तू स्वतः पिशील का रे?" सगळे फिदीफिदी हसले. ते हसणं मी जपून ठेवलं.

खंडेनवमीला यंत्राची पूजा. त्याने फर्मान काढलं, की बॉयलर आतूनसुद्धा देवाच्या तांब्यासारखा लखलखीत हवा. माणसं आत उतरली आणि चिंचेच्या कोळाने थर घासू लागली. मी म्हटलं, "सायेब, तो मळ नाय. ती लोखंडाची कातडी हाय." त्याने मला त्याच दिवशी काढून टाकलं. माझी जागा घेणाऱ्याला काढा ओतायची बंदी केली.

मालकाला गाठून सगळं समजावता आलं असतं. मी गेलो नाही. गंजाला घाई नसते, मलाही नव्हती.

दोन वर्षांनी बॉयलरच्या नळ्या गळू लागल्या. मालकाने मॅनेजरला तंबी दिली, की महिनाभरात गिरणी नीट चालली नाही तर चालते व्हा. तेव्हा तो माझ्या पडवीत येऊन बसला. "अहो, तुमचा तो काढा कसा करतात?" मला त्याने पहिल्यांदाच अहो म्हटलं.

मी चुलीवर साल उकळली, गाळली आणि पेला त्याच्यापुढे ठेवला. "आधी तुमी घेवा."

त्याला आपलाच प्रश्न आठवला असावा. कान लाल झाले. पण तो प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. तुरटपणाने त्याचं तोंड आखडलं. बायको दारातून डोळे वटारत होती, मी तिकडे पाहिलं नाही.

त्याने रिकामा पेला खाली ठेवल्यावरच मी सांगितलं, "काढा शाबूत लोखंडाला राखतो. पडलेली भोकं त्याने बुजत नायत."

महिना भरला, तेव्हा मागवलेल्या नव्या नळ्या मुंबईहून यायच्याच होत्या. मॅनेजर सामान घेऊन कोल्हापूरच्या मोटारीत बसला. त्याला जाताना बघायला मी धुतलेलं धोतर नेसून मुद्दाम गेलो होतो.