आठ स्पेसची पद्धत

मोठ्या बाबूंनी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "हा टोल्याचा टोला कुठून आला रे?"

राज्यांची पुनर्रचना चालू होती. आमचा मुलूख नागपूर सोडून भोपाळकडे जाणार होता, त्याआधी कागद जायचे होते. गावांची इंग्रजी यादी अर्धी मी सौसरला टाइप केली, अर्धी पांढुर्ण्याच्या टायपिस्टनं, वामनरावांनी. गावाचं नाव मार्जिनला, त्याखाली टोल्यांची म्हणजे वस्त्यांची नावं आत सरकवून. मी पाच स्पेस सोडत होतो, ते आठ. पानं एकत्र लावली की त्यांचे टोले माझ्या टोल्यांच्या पोटात गेल्यासारखे दिसत.

"शनिवारी यादी गेली पाहिजे. तोवर एक पद्धत करा," बाबू म्हणाले. "नाही तर तुझा कायम व्हायचा कागद माझ्याच टेबलावर राहील."

मी दोन वर्षं टेम्पररी होतो. दुसऱ्या सकाळी मोटारीने पांढुर्णा गाठलं.

वामनराव माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी चहा पाजला आणि तासभर समजावलं की आठ ही सचिवालयाची पद्धत, पाच ही मुनिमाची. "कागदाले श्वास घेऊ द्या न जी. तुमी सौसरवाले नावं अशी कोंबून राहिले, जसा बैलबंडीत कापूस." पाच स्पेसनं कागदाची बचत होते, मी म्हणालो. कागद तुमच्या घरचा आहे का, त्यांनी विचारलं.

ते जेवायला गेले. पाच स्पेसचं एक पान करून दाखवावं म्हणून मी त्यांच्या मशीनवर बसलो. टॅबची कळ दाबली की कॅरेज, म्हणजे कागद धरणारा रूळ, ठरलेल्या जागी जाते. ती जागा मागच्या पट्टीवरचा खिळा सरकवून ठरवतात. हा खिळा आठावर गंजून बसला होता. तेल घातलं, ठोकला. हलला नाही.

मागे वामनराव उभे होते. "दुरुस्तीले धाडली तर मशीन सहा महिने नागपुरात राहते," ते हळूच म्हणाले. "कोणाले सांगू नका."

सौसरला येऊन मी बाबूंना सांगितलं की सचिवालयाची पद्धत आठच आहे. माझी सगळी पानं पुन्हा टाइप केली. कायम झालो. मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडचा प्रत्येक टायपिस्ट आठ स्पेस सोडत होता. नव्यांना त्यामागचं शास्त्र मीच समजावत असे.

वामनराव मागच्या महिन्यात गेले. आता सांगायला हरकत नाही. पद्धतीवर वाद घालण्याआधी समोरच्याची मशीन एकदा पाहून घ्यावी. तत्त्वं बऱ्याचदा तिथेच गंजलेली असतात.