साडूंचे सर्वभूमी टायर

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या खेपेला पसंत केलेली नाही, आणि ह्यात मी माझ्या थोरल्या मेहुणीलाही धरतो. ताईंना बघायला ते चार वेळा आले होते. पहिल्या वेळी पोहे खाल्ले, दुसऱ्या वेळी आत्याला घेऊन आले, तिसऱ्या वेळी एकटेच आले, पाणी प्यायले आणि गेले. चौथ्या वेळी आमच्या सासऱ्यांनी त्यांना दारातच विचारलं, "आता काय राहिलं?" चपला काढता काढता साडू म्हणाले, "काही नाही, खात्री." हा शब्द आमच्या सासरी अजून चालतो. कुणी बंद केलेला गॅस पुन्हा बघायला उठलं, की बाकीचे एका सुरात म्हणतात, "खात्री."

त्यांचा तरी काय दोष म्हणा. गोरेगावच्या एका औषधांच्या कारखान्यात, गोळ्या तपासायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गोळी दाबायची, मोडायची, पाण्यात टाकून विरघळताना बघत बसायचं. साडू निवृत्त झाले, पण त्यांचा अंगठा झाला नाही. चारकोपच्या बाजारात ते वांगी घेतात तेव्हा अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्यामध्ये वांगं हलकेच दाबतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. उशी, खारी, मोजे, हापूस, सगळ्यांना हीच परीक्षा. निकाल दोनच. एक, "कडक आहे, चालणार नाही." दुसरा, "मऊ आहे, पण टिकणार नाही." माझ्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि किंचित दाबला होता. त्याचा निकाल त्यांनी मला अजून सांगितलेला नाही.

अशा माणसाने जीप घेतली. चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी, बोरिवलीच्या कुणा हौशी माणसाने वापरून विकायला काढलेली. माझी बायको मुलुंडहून फोनवर म्हणाली, "ताई, भाऊजींचं डोकं फिरलंय का गं? ह्या वयात?" ताई हसल्या फक्त. जीप घेण्याचं कारण मला ठाऊक होतं, साडूंनी मला सरळ सांगितलं होतं. ताई जोगेश्वरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मुरबाडच्या पलीकडे, घाटाच्या अंगाखाली एक पठार आहे. तिथे सात वर्षांनी एकदा कारवी फुलते आणि अख्खा उतार जांभळा होतो. दर फुलोऱ्याला ताई पोरांना घेऊन तिथे जायच्या आणि दर वेळी नवऱ्याला म्हणायच्या, "ह्या वेळी तुम्ही पण चला." तीन वेळा कारवी फुलली आणि तिन्ही वेळा कारखान्यात नेमकी वरून तपासणी आली. मग ताईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढण बंद केली, धक्के तर साफ बंद. यंदा पुन्हा कारवीचं वर्ष. पुढची फुलेल तेव्हा ताई सत्तरी ओलांडून बऱ्याच पुढे गेलेल्या असतील. "साडूभाऊ," ते मला म्हणाले, "ह्या वेळी जायचंच. तिला चालवत नाही तर गाडीतून नेऊ. पण धक्का बसता कामा नये." एवढं साधं होतं ते. मग टायर आडवे आले.

जीपचे मूळचे टायर पार टकले झाले होते. नवे घ्यायचे होते. आता तुम्ही-आम्ही दुकानात जातो, चार टायर बसवून घेतो आणि वर व्हॅल्व्हची टोपणं फुकट मागतो. साडूंनी अभ्यास सुरू केला. त्यांना कळलं, की टायर तीन जातींचे असतात. हायवेचे, चिखलाचे आणि ह्या दोहोंच्या मधले, जे डांबरावरही धावतात आणि दगडमातीतही हार खात नाहीत. इंग्रजीतलं नाव त्यांना आवडलं नाही, म्हणून ह्या तिसऱ्या जातीला ते 'सर्वभूमी' म्हणू लागले. थोड्याच दिवसांत चारकोपच्या त्यांच्या सेक्टरमध्ये सगळ्यांच्या तोंडी तो शब्द बसला. वॉचमनसुद्धा मला गेटवर म्हणाला, "साहेब वर नाहीत, सर्वभूमी बघायला गेलेत."

जोगेश्वरीच्या एका टायरवाल्याकडे तर ते रोज संध्याकाळी देवळात जावं तसे जायचे. औषधावरची तारीख बघणाऱ्या ह्या माणसाला, टायरवरही तारीख असते हे कळल्यावर जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. साडू खिशातून भिंग काढून ते वाचायचे आणि "हा शिळा आहे" म्हणून टायर बाजूला करायचे. मग अंगठा. मग नाक. मग डोळे मिटणं. "कडक आहे, चालणार नाही." दुसरा टायर. "मऊ आहे, पण टिकणार नाही." टायरवाला भला माणूस. एकदा तो मला म्हणाला, "लोक येऊन विचारतात, दगडावर टायर फाटणार नाही ना. अंकल एकटेच विचारतात, आत बसलेल्याला दगड कळणार नाही ना. मी काय उत्तर देऊ, सांगा ना." मग त्याने साडूंना एक साधी गोष्ट सांगितली. "अंकल, ऐका ना, कच्च्या रस्त्याला लागलात की चारी चाकांची थोडी हवा काढा. गादीवर बसल्यासारखं वाटेल. टेन्शनच नाही." साडूंना हा उपाय म्हणजे परीक्षेत कॉपी वाटला. "हवा काढूनच मऊ करायचे, तर मग निवडायचे कशाला?" असं म्हणून ते दोन दिवस त्या दुकानावर रुसले.

दुकानातल्या टायरवर त्यांचं भागेना, म्हणून ते लोकांच्या गाड्यांकडे वळले. माझ्या पुतणीचा साखरपुडा घाटकोपरला होता. अंगठ्या घालायची वेळ झाली आणि साडू कुठे दिसेनात. शोधत खाली गेलो तर हे पार्किंगमध्ये, रेशमी कुडता सावरत, एका भल्यामोठ्या गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले आणि समोर त्या गाडीचे मालक, म्हणजे नेमके नवऱ्या मुलाचे काका, लालबुंद होऊन उभे. त्यांना वाटलं, हा मुलीकडचा माणूस आमच्या गाडीची हवा काढतोय. मी मध्ये पडणार, तेवढ्यात साडूंनी मान वर करून विचारलं, "मागे बसणाऱ्यांची पाठ काय म्हणते?" काका गोंधळले. मग म्हणाले, "आमच्या आईची फार तक्रार असते हो." आणि तेही खाली बसले. अंगठ्या घालून झाल्या, फोटो झाले, तरी दोघे चाकाशीच होते.

ताकाच्या तांब्याचा प्रयोग मात्र माझ्यावर झाला. ओळखीपाळखीच्या कुणाकडून तरी साडूंनी एका दिवसापुरती सर्वभूमी टायरची गाडी मागून आणली होती. मला पुढच्या सीटवर, ताईंच्या जागेवर बसवलं आणि मांडीवर काठोकाठ भरलेला ताकाचा तांब्या दिला. "पाणी का नाही?" मी विचारलं. "पाणी वाळतं. ताकाचा डाग राहतो, मोजता येतो." मग चारकोपच्या सगळ्या गतिरोधकांवरून आणि मेट्रोच्या कामाने उखडलेल्या रस्त्यावरून आमची मिरवणूक निघाली. पँट नवी होती हे मी त्यांना दोनदा सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, फक्त पँटकडे पाहिलं आणि मान हलवली. "हे पण कडक." ताई गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी टॉवेल द्या." साडूंची हवा काढायचं काम त्या इतकी वर्षं अशाच हलक्या आवाजात करत आल्या आहेत.

ह्या सगळ्यात पावसाळा सरत आला. ताईंच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. पठार फुललं होतं. ताई एकेक फोटो मोठा करून बघायच्या आणि फोन उलटा ठेवायच्या. माझी बायको रोज विचारायची, "ठरले का टायर?" आणि रोज उत्तर यायचं, दोनांवर आलोय. दोनांचे पुन्हा पाच व्हायचे. मला राग यायला लागला होता. ज्या फुलांसाठी हा खटाटोप, ती फुलं ह्यांच्या अंगठ्याची वाट बघत थांबणार होती का? तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "एकच धक्का वर्मी बसला तर? घरी आणून काय सांगू तिला?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "राहू दे हो. पुढच्या वेळी जाऊ. मी काही कुठे जात नाही." साडू ताटावरून उठले. हात धुतले आणि त्याच पावली जोगेश्वरीला गेले. टायरवाल्याने पुढे केले ते चार टायर, न दाबता, न हुंगता, बसवून आणले. त्यांच्या आयुष्यातली ती पहिल्या खेपेची पहिली खरेदी. दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घातला, चारही चाकांना कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. साडू गाडी चालवत होते, ताई शेजारी, मी आणि बायको मागे. ताईंच्या मांडीवर तांब्या होता. त्यात ताक होतं, पण ते जेवणासाठी होतं.

पठारावर पोचलो आणि साडूंनी इंजिन बंद केलं. उतार करडा पडला होता. नुसत्या काठ्या आणि त्यांच्यावर वाळलेली बोंडं. साडू स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "वाट लावली मी. चौथ्यांदा." माझ्या बायकोने ऑगस्टपासून जमवून ठेवलेलं बोलणं होतं, पण ती खिडकीबाहेर बघत बसली. ताई म्हणाल्या, "मी तीनदा पाहिलीये हो. मला कुठे बघायची होती? तुम्हाला दाखवायची होती." मग एकदम त्यांचा वर्गातला आवाज लागला. "पुढे कड्याच्या आडोशाला ओढा आहे. तिथे ऊन उशिरा पोचतं, तिथली कारवी नेहमी मागे असते. रस्ता वाईट आहे, पण चला."

साडू खाली उतरले. एकेका चाकाशी बसून त्यांनी हवा सोडली. एवढ्या महिन्यांची खात्री फुस्स करत बाहेर पडताना मी ऐकली, आणि मला हसू आलं नाही. मग दगडगोट्यांमधून ती जीप त्यांनी अशी नेली, की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये. ओढ्याशी थांबल्यावर त्यांनी आधी ताईंच्या मांडीकडे पाहिलं. "सांडलं?" "थेंब नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी ओढणी मांडीवर नीट पसरून घेतली होती. तिच्याखालचा ओला डाग माझ्या बायकोला दिसला आणि तिने तो मला रात्री घरी आल्यावर सांगितला.

ओढ्याच्या पलीकडे सावलीत कारवी होती. फार नव्हती, आमच्या दोन खोल्या भरतील एवढी, पण जांभळी आणि ताजी. साडू ताईंचा हात धरून अगदी जवळ गेले. सवयीने त्यांचा अंगठा पुढे झाला. पाकळी हलकेच दाबली, नाकाशी नेली, डोळे मिटले. "मऊ आहे," ते म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, "पण टिकणार नाही."

"कळलं," ताई म्हणाल्या. "आता डोळे उघडा आणि बघा तरी."

मग ते बघत राहिले. इतक्या वर्षांत ह्या माणसाला मी काही न तपासता नुसतं बघताना पहिल्यांदाच पाहिलं. मला ते त्या दिवशी फार आवडले, हे इथे लिहून टाकतो, कारण तोंडावर म्हणालो तर माझा हात दाबून बघतील.

परवा चारकोपला गेलो होतो. जीप इमारतीखाली उभी होती आणि साडू तिच्या चाकांना ताईंच्या जुन्या सुती साड्या गुंडाळत होते. हे काय, म्हणून विचारलं. "रबराला ऊन चालत नाही, साडूभाऊ. तडे जातात. सात वर्षं काढायची आहेत." सात वर्षं कुठला टायर टिकत नाही हे तारखा वाचणाऱ्या ह्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वरून गॅलरीतून ताईंचा आवाज आला, "आणि माझं काय?"

"तुलाही ऊन चालत नाही," साडू वर न बघता म्हणाले. "आत हो."

ताई हसल्या, पण आत गेल्या नाहीत. साडूंनी शेवटच्या चाकाला गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली.