तिसऱ्या अंकातली चार वाक्यं

आजकाल कुणी भेटलं की हमखास म्हणतं, "तेव्हाची माणसं काय धरून होती एकमेकांना!" मी मान हलवते. धरून होती हे खरं आहे, पण आपोआप नाही. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडं होती. कुणाकडे बाळंतपण किंवा आजारपण आलं की कोणत्या दिवशी कुणी डबा द्यायचा, विहिरीचं पाणी कुणी आणायचं, मुलांना कुणी सांभाळायचं, याची यादी मी करत असे आणि ती जिन्याच्या भिंतीवर खिळ्याला अडकवत असे. यादी नसती तर पहिल्या दिवशी नऊ डबे आले असते आणि चौथ्या दिवशी एकही नाही. यादी असूनही एकदा चौथ्या दिवशी एकही डबा आला नाही. तो माझ्या घरचा चौथा दिवस होता.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. जिन्यालगतच्या खोलीत आम्ही चौघं राहत होतो. हे, मी, आमची तीन वर्षांची मुलगी आणि ह्यांची धाकटी बहीण. तिला मी वन्सं म्हणत असे. श्रावणात ह्यांना ताप आला आणि उतरेना. डॉक्टर येऊन गेले. गॅलरीत उभे राहून त्यांनी मला सांगितलं, "मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस धीर धरा. पातळ पेज द्या, डोक्यावर बर्फ ठेवा." तेव्हा शेजारी ओव्हरसियरीणबाई हातात आमटीची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "काळजी करू नका हो वहिनी," असंही म्हणाल्या.

त्यांचे यजमान ओव्हरसियर होते म्हणून त्या ओव्हरसियरीणबाई. कोपऱ्यातल्या दोन खोल्या त्यांच्या, आणि चाळीतला एकमेव रेडिओही त्यांचा. संध्याकाळी सिनेमाची गाणी लागली की आठ-दहा बायका त्यांच्याकडे चटईवर बसत. मीही बसत असे. आवाज गोड होता त्यांचा, गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना तसंच्या तसं म्हणत. नवीन सिनेमातल्या नटीच्या बाह्या आठवड्याभरात त्यांच्या पोलक्याला येत आणि पंधरवड्याने बाकी सगळ्यांच्या. पण रेडिओ ज्याच्या घरी, त्याच्या घरी बोललेलं गावभर होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या यादीत चौथा दिवस त्यांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या बाळंतपणात चाळीस दिवसांची यादी मी केली होती आणि चाळीसही दिवस डबे गेले होते. त्या चौथ्या दिवशी दुपारचा एक वाजला, दोन वाजले, डबा नाही. मुलगी भुकेने रडायला लागली. वन्संनी तिला गूळ-पोळी दिली. संध्याकाळी पाचव्या दिवसाच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, "उद्याचं जमायचं नाही हो, घरात लहान मुलं आहेत." सहाव्या दिवशीच्या बाईंनी डबा उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि मी दार उघडायच्या आत निघून गेल्या. पुढे तेही बंद झालं.

दूधवाला पातेल्यात हातभर उंचावरून दूध ओतू लागला. विहिरीवर आमची बादली पायाने बाजूला सरकवली जाऊ लागली. मुलीला कुणी खेळायला बोलावेना. सकाळी पाणी भरायचं, पेज करायची, मग वन्संना ह्यांच्याजवळ बसवून कल्याणला जायचं आणि भुशात गुंडाळलेला बर्फ आणायचा. डोंबिवलीला उतरेपर्यंत निम्मा वितळायचा. एके दिवशी विहिरीवर एका म्हाताऱ्या बाईला माझी दया आली. ती कुजबुजली, "अगं, क्षय झालेल्या माणसाचे कपडे इथे धूत नसतात, एवढं तरी बघ."

"क्षय? कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? कोपऱ्यातल्या खोलीत, रेडिओपाशी सगळ्या बोलतात की."

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. हे महिन्याने कामावर गेले. क्षयाचा माणूस महिन्यात कामावर जात नाही, एवढा हिशेब चाळीला येत होता. डबे, बोलणं, हळदीकुंकू सगळं हळूहळू परत सुरू झालं. कुणी चूक झाली असं मात्र म्हणालं नाही. सगळ्यांनी ते ताप उतरल्यासारखं उतरू दिलं.

माझं उतरलं नाही. त्याला कारण होतं. त्या उन्हाळ्यात वन्संचं कल्याणच्या एका घरी जमत आलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं बरी, पत्रिका जुळली होती. मुलाची मावशी आमच्याच गल्लीत मागच्या घरात राहत होती आणि रोज रेडिओला यायची. दिवाळीनंतर कल्याणहून निरोप आला, तूर्त विचार नाही. का ते सांगितलं नाही. पुढे टिटवाळ्याहून एक स्थळ आलं, तेही चौकशी करून गप्प बसलं. वन्सं तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी भांडी घासायला घेतली.

मी ओव्हरसियरीणबाईंशी भांडले नाही. भांडले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "मी कुठे असं म्हटलं?" आणि आठ-दहा साक्षीदार चटईवर तयार होते. मला ते त्यांच्याच तोंडून हवं होतं, सगळ्यांसमोर, मावशींसमोर. ते कसं मिळणार, याचा मी वर्षभर विचार केला. पोळ्या लाटताना केला, केर काढताना केला.

पुढच्या गणपतीत आमच्या गल्लीच्या उत्सवात बायकांनी नाटक करायचं ठरलं. नाटक शाळेतल्या एका मास्तरांनीच लिहिलं होतं. थोरली जाऊ धाकटीवर पाटल्या चोरल्याचा आळ घेते आणि तिसऱ्या अंकात सगळ्यांसमोर कबुली देते. थोरलीचं काम अर्थातच ओव्हरसियरीणबाईंना. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे, कारण माझा आवाज खालच्या पट्टीतही स्पष्ट आणि माझी वही कधी हरवत नाही.

तालमी सुरू झाल्या आणि कळलं की बाई पाठांतर करतच नाहीत. सिनेमातल्या नटीसारखं पडद्याला धरून कसं उभं राहायचं, पदर कधी ढळू द्यायचा, हे सगळं त्यांनी बसवलं होतं. शब्द माझे. मी तीन शब्द टाकायचे, त्यांनी ते झेलायचे, की पुढचे तीन. एकदा माझी नजर चुकली आणि मी कंसातली सूचनाच वाचली. त्यांनी पदर डोळ्यांना लावून खणखणीत आवाजात म्हटलं, "रडत रडत खाली बसते!"

सगळ्या हसून लोटपोट झाल्या. मास्तर म्हणाले, "अहो बाई, बसायचं आहे, सांगायचं नाही!"

"मग ह्यांनी वाचलं कशाला?" त्या माझ्यावर उखडल्या. "वहिनी, नीट वाचत जा हो. तुम्ही जे द्याल ते मी म्हणणार!"

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "आता नीट देईन."

नाटक दुपारी चारला होतं, घरी जाऊन स्वयंपाक करता यावा म्हणून. बसण्याची व्यवस्था माझ्याकडेच होती. मावशींना मी तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं, तिथे सगळ्यात चांगलं ऐकू येतं. वन्संना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या मुलीला मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या.

दोन अंक छान झाले. बाईंनी पडदा धरला, पदर ढळला, टाळ्या पडल्या. तिसऱ्या अंकात मी विंगेत खोक्यावर बसले होते. वहीत लिहिलं होतं, धाकटीने पाटल्या चोरल्या नव्हत्या. मी वही मांडीवर पालथी ठेवली.

"आज मी सगळ्यांसमोर सांगते," हे मास्तरांचं वाक्य त्यांनी म्हटलं. हात छातीशी नेला.

मी दिलं, "जिन्यालगतच्या खोलीत क्षय नव्हता."

"जिन्यालगतच्या खोलीत क्षय नव्हता!" मागच्या रांगेपर्यंत गेलं.

"मुदतीचा ताप होता."

"मुदतीचा ताप होता!" आणि मग त्यांना कळलं. त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. समोर दोनशे माणसं. धाकटी जाऊ झालेली बाई तोंड उघडं टाकून उभी. बाईंना पुढचं एक अक्षर येत नव्हतं आणि रंगमंचावर गप्प उभं राहणं त्यांना कधी जमलं नसतं. मी थांबले नाही. त्याच आवाजात पुढचं दिलं, "हे मला ठाऊक होतं."

कुणाचं तरी मूल खोकलं.

"हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. आता ते मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल, तिसऱ्या रांगेला गेलं.

"तरी आळ मी घेतला." हे वाक्य मास्तरांचं होतं, मी बदललं नव्हतं. ते म्हणून त्या खरोखरच खाली बसल्या, न सांगता. बाहेरगावच्या पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. आमच्या चाळीतल्या एकाही बाईने वाजवली नाही. मी वही सरळ केली आणि पुढचं वाक्य दिलं. नाटक शेवटापर्यंत नीट पार पडलं.

पडद्यामागे तोंडाची पावडर पुसत त्या माझ्यासमोर आल्या. "हे तुम्ही ठरवून केलंत?"

"हो."

"एवढ्या लोकांत?"

"तुम्ही काय एकीच्याच कानात सांगितलं होतंत?"

त्या रडायला लागल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, मी तयारीत होते. पण त्या म्हणाल्या, "तुमचं वाईट व्हावं असं नव्हतं हो मनात. त्या दिवशी ठाण्याला सिनेमाला जायचं होतं. बहिणीने तिकिटं काढून ठेवली होती. डबा चुकवते म्हटलं तर तुम्ही ऐकणार होतात का? मागे एकदा विचारलं तर चारचौघींत म्हणालात, पाळी म्हणजे पाळी. मग निघताना बायकांनी डब्याचं विचारलं, तेव्हा काहीतरी सांगावं लागलं."

वर्षभर मी समजत होते की माझा कुणीतरी वैरी आहे. वैऱ्याला निदान आपली किंमत तरी असते. दुपारच्या एका खेळासाठी आमच्या घराला क्षय लागला होता. मी त्यांना विचारलं, "सिनेमा कसा होता?"

त्यांना कळेना मी काय विचारते. "बरा होता," त्या म्हणाल्या.

ते "बरा होता" मी अजून विसरलेले नाही. चाळीतल्या पुढच्या बाळंतपणाच्या यादीत मी त्यांचं नाव पहिल्या दिवशी घातलं. डबा बाराच्या ठोक्याला गेला आणि नंतर कधीही चुकला नाही. रेडिओ ऐकायला मात्र मी पुन्हा गेले नाही. गाणी आवडायची, तरी गेले नाही.

आठ दिवसांनी मावशी आमच्या दाराशी आल्या. हातात खिरापतीची वाटी, चेहरा गोड. "कल्याणचे म्हणतात, झालं गेलं विसरून पुन्हा एकदा बसू या."

मी त्यांना थांबायला सांगून आत गेले. माझ्या डोक्यात कुणाला बोलवायचं, काय करायचं, सगळं सुरूही झालं होतं. वन्सं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला नाही करायचं तिथे," त्या म्हणाल्या.

"अहो, आता तर सगळं निस्तरलं!"

"रेडिओच्या खोलीत ऐकलं म्हणून सोडलं आणि नाटकात ऐकलं म्हणून धरायला आले. डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे. एकाने तरी जाऊन विचारलं का?"

"मग वन्सं, मी हे एवढं सगळं कुणासाठी केलं?"

त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "तुमच्यासाठी, वहिनी. फार छान केलंत, मी मागे बसून बघत होते. पण माझं नाव नका घालू त्यात."

मी बाहेर गेले आणि मावशींना आत न बोलावता, उंबऱ्याच्या आत उभी राहूनच नकार दिला. वाटीला हात लावला नाही. ती घेऊन त्या जिना उतरेपर्यंत मी दारात थांबले. हे मी कुणासाठी करते आहे, याबद्दल आता माझ्या मनात काही शंका नव्हती, आणि मला फार बरं वाटलं.