नऊ दिवसांचं "होत आलंय"

देवावर माझा विश्वास होता, स्वतःवरचा मात्र पार उडाला होता. राळेगावला घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करते. नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी कोड माझ्या गळ्यात पडला होता आणि त्यातलं मला काही उमगत नव्हतं. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये काम कुठवर आलं ते प्रत्येकाने सांगायचं असतं. नऊ दिवस मी "होत आलंय" एवढंच सांगत होते. भूक मेली, छातीत धडधड सुरू झाली. या कामाची आपली लायकीच नाही असं मनाने घेतलं आणि मी राजीनामा लिहून ठेवला. पाठवण्याआधी कळंबच्या चिंतामणीला जाऊन यावं म्हणून रविवारी काळीपिवळी जीपमध्ये बसले.

वाटेत जीप बंद पडली. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, डोक्यावर ऊन. ड्रायव्हरकाका चांगले साठीचे. बराच वेळ इंजिनात डोकं घालून त्यांनी पाहिलं आणि मग हात पुसत सरळ सांगितलं, "मले नाई समजून राह्यलं बाप्पा. कोनाले समजते का?" मला वाटलं, आता लोक यांना फाडून खातील. तसं काही झालं नाही. मागे बसलेले, गाड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री पिशवी बायकोकडे देऊन खाली उतरले. ते खटपट करत होते तोवर काका शेजारी उभे राहून एकेक गोष्ट विचारून घेत होते.

मला राहवेना. "काका, येवढ्या लोकाईत सांगाले लाज नाई वाटली?"

"लाज कायची, पोरी? समजते म्हनून बसलो असतो, तं तुमी सारे इथंच वाळले असते."

मिस्त्रींनी जीप सुरू करून दिली. कळंबला पायऱ्या उतरून चिंतामणीपुढे हात जोडले, पण राजीनामा पाठवायचं बळ मागायचं ठरवून आले होते, ते तोंडातून निघेना. नुसतं रडू आलं. रडून हलकं वाटलं.

सोमवारी मीटिंगमध्ये सांगितलं की मला हा कोड समजत नाही आणि नऊ दिवस मी खोटं बोलले. "आधी सांगायचं होतं," टीम लीड म्हणाले. "मलाही तो अर्धाच कळतो. दुपारी सोबत बसू." ते नाराज होते आणि ते रास्तच होतं. राजीनामा मी पुसून टाकला. धडधड अजूनही अधूनमधून होते.

मिस्त्री नेमके त्याच जीपमध्ये कसे, याची मी चिकित्सा करत नाही. उपकार मानते. देवापुढे "माझ्याने होत नाही" म्हणायला मला कधीच कमीपणा वाटला नव्हता. माणसांपुढे तेच म्हणायला शिकवण्यासाठी मात्र त्याला भर उन्हात अख्खी जीप थांबवावी लागली.