बेडकाचा सख्खा भाऊ

पडद्यावर बेडकांच्या डीएनएची अक्षरं ओळींत मांडली होती. सारखी अक्षरं एकाखाली एक यावीत म्हणून मध्ये रिकाम्या जागा सोडतात; कुठे, ते संगणक अंदाजानेच ठरवतो. मी हौसेने जागा सोडायची दुसरी पद्धत लावली, तर त्या मांडणीवरून निघणारा बेडकांचा वंशवृक्षच पालटला! माझी विद्यार्थिनी मीनल हिचा प्रबंध ज्याच्या वेगळेपणावर उभा, तो बेडूक शेजारच्या ओढ्यातल्या बेडकाचा सख्खा भाऊ निघाला.

"सर, आता खरं झाड कुठलं?" ती रडवेली झाली.

मला काय ठाऊक! सोयीच्या जागा मोकळ्या सोडल्या, की माणसांतही कोणीही कोणाचा भाऊ ठरतो. मी तर देखण्या झाडाकडेच झुकत होतो.

"दोन्ही झाडं छापते," डोळे पुसत मीनल म्हणाली. "आणि सर, तुमच्या गाजलेल्या शोधनिबंधातल्या झाडालाही दुसरी पद्धत लावून बघू?"

मी घाईघाईने चहा मागवला.